न आलेल्या टँकरचे आठवडे

तीस डिसेंबर सोमवारी आला, की वानखडे काकाजी सकाळी सातलाच गल्लीभर नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत फिरतात. "काकाजी, आज तीसच तारीख आहे," असं कुणी म्हटलं, की उत्तर तयार: "तारखेचं काय घेऊन बसला बाप्पा! नव्या सालाचा पहिला हप्ता आज सोमवारी लागला ना!"

काकाजी पाणीवाटपाच्या कार्यालयात कॉम्प्युटरवर होते. आता रिटायर आहेत, तरी दुपारचा चहा जुन्या सोबत्यांकडे कार्यालयातच. रिटायर झाल्यापासून जग त्यांना आठवड्यांतच, म्हणजे त्यांच्या भाषेत हप्त्यांतच, दिसतं. लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी, 'हप्ता २२'. लग्नपत्रिका दिली तर आधी हप्ता काढणार, मग नवरदेवाचं नाव वाचणार. आठवडा रविवारी सुरू होतो असं म्हणणाऱ्या माझ्या मामांशी ते अजून बोलत नाहीत.

अशा माणसाकडे मी गेले ती नाइलाजानं. अकोल्यात बार्शीटाकळी रस्त्यावरच्या आमच्या वस्तीला टँकरचं पाणी. यंदा उन्हाळ्यात टँकर दोन-दोन आठवडे फिरकला नाही. बाया रिकामे हंडे घेऊन कार्यालयात धडकल्या, तर साहेबांनी रिपोर्ट पुढे केला. आठवडावार बेरजा, आणि प्रत्येक बेरजेत टँकर आहेच! म्हणजे आम्ही तहानलेलो ते उगाच! वस्तीच्या सभा-मोर्चे माझ्याकडेच, मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं: 'आकडे चोरणारा हरामखोर कोण?'

तारखा तपासायला ते काकाजींना दिलं. चष्मा वर करून ते म्हणाले, "चोरी नाही पोरी. तू रिपोर्टातले हप्ते मोज."

मोजले. मार्च ते मे, आठवडे तेरा. रिपोर्टात ओळी आठ.

"मग पाच गेले कुठे?" मी विचारलं.

"टँकर आला, तारीख चढली. कॉम्प्युटर त्या तारखायचे हप्त्यावार गठ्ठे बांधते अन् गठ्ठ्याखाली बेरीज मारते. टँकर आलाच नाही, त तारीख नाही. तारीख नाही, त गठ्ठा कायचा बांधन थो? कोरडा हप्ता शून्य बी दाखवत नाही, गायबच होते. कॅलेंडर समोर ठेवून थो हातानं जोडा लागते."

"ज्यानं हे बनवलं तो गाढव आहे!"

"आहे," काकाजी म्हणाले, आणि 'हरामखोर'मधला पुसट काना पेनानं ठळक केला.

पत्रक वाटल्यावर कार्यालयात सुनावणी लागली. मी गायब आठवडे दाखवले, तर साहेब म्हणाले, "हा रिपोर्ट वर्षानुवर्षं असाच निघतो. आजवर कुणालाच कशी चूक दिसली नाही?"

मी घोषणेसाठी मूठ वर केली, तोवर मागे काकाजी उभे राहिले होते.

"साहेब, थो मीच बनवला. रिकाम्या हप्त्याची ओळ टाकाची राहून गेली. रिटायर झाल्यावर ध्यानात आलं. सांगाची हिंमत नाही झाली. तवापासून हप्तेच मोजून राहिलो."

जुन्या सोबत्यांनी आपापल्या फायली उघडल्या. साहेबांनी पाचही शून्यं लिहून नवा रिपोर्ट काढायला लावला आणि टँकर कोणकोणत्या वारी येणार ते ठरवून त्यावर सही केली. आम्ही जिंकलो.

बाहेर पायरीवर काकाजी एकटेच बसले होते. आत दुपारचा चहा आला. शिपाई कपांचा ट्रे घेऊन त्यांच्या बाजूनं गेला. त्यांना कुणी हाक मारली नाही.

मी शेजारी बसले. माफी मागायची मला सवय नाही. शब्द जुळवत होते, तेवढ्यात तेच म्हणाले,

"तुमच्या सभा दुपारच्या असतात काय गं, पोरी?"