मागं कोण हाय?

चहाच्या हॉटेलातल्या टीव्हीवर युद्धाची बातमी लागली, की हणमंतमामा बशी खाली ठेवतात आणि थेट बातम्या देणारीलाच विचारतात, "बाई, मागं कोण हाय?"

नवखा माणूस दचकून मागं वळून बघतो. आम्ही कंधार गावचे लोक बघत नाही. आम्हाला सवय आहे.

मामांची भोंग्याची रिक्षा आहे. गावात कुणी वारलं, की ते गल्लोगल्ली पुकारतात. पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, आणि मागं कोण. यातलं एक जरी राहिलं तरी रिक्षा जागची हलत नाही. स्टँडवरचा भिकारी गेला, तेव्हा नाव शोधण्यात अर्धा दिवस घालवून मामांनी पुकारलं, "त्यांच्या पश्चात स्टँडवरचं काळं कुत्रं आहे." लोक हसले. पण अंत्यविधीला गेले. कुत्रंही आलं.

मी चळवळीतल्या घरात, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून मोठी झालेली मुलगी. दूरच्या मुलखात हल्ला होऊन माणसं मारली गेल्याची बातमी आली, त्याच दिवशी आम्ही कार्यकर्त्यांनी निषेध सभा ठरवली. रिक्षातून पुकारायचा मजकूर मी लिहिला. मेलेले ते बळी, मारेकऱ्यांचा खात्मा, ते आले त्या वस्तीला धडा, सगळं होतं. मामांनी वाचला आणि रिक्षाची किल्ली काढून खिशात टाकली.

"बळी कोंबड्याचा देतेत, पोरी. ही तर माणसं मारली. आन् खात्मा? ते झुरळाच्या औषधावर लिवलेलं असतंय."

"मामा, मारणारे नराधम आहेत!"

"खुनी म्हण की! मी बी म्हनतो. पर वस्तीला कशाला धडा? तितं म्हातारी हाय का, शेळी हाय का, तुला ठावं हाय?"

आमचा एक कार्यकर्ता तापला. "मामा, तुमी कोणाच्या बाजूचे हो?"

"मयताच्या."

मामांनी माझा कागद परत दिला, मृतांची नावं-गावं छापलेलं वर्तमानपत्र घेतलं आणि रिक्षा घेऊन निघाले. भोंग्यातून एकेक नाव आलं. बापाचं नाव. गाव. "त्यांच्या पश्चात आई, पत्नी आणि लहान मुलगी असा परिवार आहे." परक्या मुलखातली माणसं, पण आवाज असा, की जणू पलीकडच्या गल्लीत कुणी गेलंय. भाजीवालीनं तराजू खाली ठेवला. तापलेल्या कार्यकर्त्यानं टोपी काढली. बायका दारात येऊन विचारू लागल्या, "मयत कुठं ठेवलीय?" माझ्या कुठल्याच पत्रकानं गाव असं उभं केलं नव्हतं.

सभा झाल्यावर मी रिक्षात मामांच्या शेजारी बसले होते. सहज भोंग्याला जोडलेल्या रेकॉर्डरचं बटण दाबलं, तर मामांचाच आवाज आला, "कळविण्यास दुःख होते की, हणमंत ग्यानोबा, राहणार कंधार, यांचे निधन झाले आहे."

मी मामांकडे बघितलं. ते सुपारी कातरत होते.

"भरून ठिवलंय. माझ्यावानी दुसरं कोन पुकारंल?"

"...त्यांच्या पश्चात," आवाज म्हणाला. पुढं नुसती खरखर.

"मामा, पुढचं?"

"भोंग्यातून खोटं जात न्हाई, पोरी."

खरखर चालूच होती. मी म्हणाले, "माझं नाव टाका."

मामांनी अडकित्ता खाली ठेवला. मग माईक उचलला, टिचकी मारली, फुंकर घातली.

"पूर्ण नाव सांग," ते घसा खाकरून म्हणाले. "बापाच्या नावासकट."