ताडकळसच्या माणसाने लिहिलेला सिनेमा

बन्सीधरने चहाचा पहिला घोट घेतला तेवढ्यात, सकाळी त्याने सोडलेली थाप सगळं ताडकळस हिंडून त्याच्यापुढे येऊन बसली.

गोष्ट पंच्याऐंशी सालातली. ज्वारी निघून रानं मोकळी झाली होती आणि माणिकरावांच्या माळावर सिनेमाचा तंबू लागला होता. बन्सीधर तंबूचा पुकारा करायचा. बैलगाडीत बसून त्याने भोंगा तोंडाला लावला, की पूर्णेला उभी असलेली आगगाडी शिट्टी झाली समजून हलायची म्हणतात. सिनेमा मात्र त्याने आधी कधी पाहिलेला नसायचा. रिळांचे डबे दुपारच्या एसटीने यायचे आणि पुकारा सकाळी करावा लागायचा. या खेपेच्या पोस्टरवर एक बंगला आणि एकमेकांकडे पाठ करून उभी चार माणसं, एवढंच होतं. एवढ्यावर गर्दी कशी जमायची? मग त्याने दिलं ठोकून, "गडगंज घराण्याची, सख्ख्यांनी सख्ख्यांचा गळा धरल्याची सत्यकथा! आणि मंडळी, ही कथा लिहिणारा दुसरा तिसरा कोणी नाही, आपल्याच ताडकळसचा माणूस आहे!"

आता हॉटेलवाला पंडित टेबल पुसत म्हणाला, "आनंतरावनं लय मोठं काम केलं म्हन की."

"कोन आनंतराव?"

"आता रं! माणिकराव मालकाचा धाकटा भाऊ. भांडून मुंबईला गेला, धा वर्सं झाली. ह्या गावातून मुंबईला गेलेला त्योच एक. मंग लिवनार दुसरं कोन? आन लिवनार कुनाचं? घरातलंच की!"

बन्सीधरचा चहा घशाऐवजी नाकात गेला. तंबू माणिकरावांच्या माळावर, तंबूचे दोर माणिकरावांच्या बाभळींना. आणि माणिकराव म्हणजे कोण? वसुलीला आलेल्या एका कारकुनाला त्यांनी कडब्याच्या गंजीवर चढवून शिडी काढून घेतली होती. दोन दिवसांनी उतरवला तेव्हा तो रवंथ करत होता, असं अजून सांगतात.

बन्सीधर तंबूत येऊन बिऱ्हाड आवरायलाच लागला होता, तर कनातीमागून हाक आली. विहिरीवर जायचं तरी जीप काढणारे माणिकराव चक्क पायी आले होते.

"बन्सीधर, धुऱ्याचं दाखवलंय का त्यात?"

"कशाचं, मालक?"

"सोंग करू नको. आनंताच्या आन माझ्या वावरामधल्या बांधाचे दगड मी सरकवले. चाळीस पावलं. त्यानं लिवलंच आसंल ते. तेवढं कापून टाक. आन घरात कुनाला कळलं, तर तुलाबी गंजीवर चढवीन. शिडी न लावता!"

शिडीशिवाय कसं चढवणार, हे विचारायची बन्सीधरची छाती नव्हती. माणिकरावांची पाठ वळते न वळते, तोच गोवऱ्या बघायच्या निमित्ताने नर्मदाबाई आल्या. त्या माणिकरावांच्या कारभारीण. पदर नाकापर्यंत ओढलेला.

"भाऊ, बोरमाळीचं हाय का सिनेमात?"

"मालकीनबाई, मला खरंच..."

"माझ्या जावेनं, सुमंगलानं, चोरली म्हनून मी गाव गोळा केलं हुतं. माळ मीच पिठाच्या डब्यात दडवली हुती. तेवढं काढा. ह्यांना कळलं तर हे माझा जीव घेतील. आन त्याच्याआधी मी तुमचा!"

बन्सीधरला दरदरून घाम फुटला. इतका, की बसल्या जागी ढेकूळ विरघळलं. तो पुसतोय तर त्यांचा मुलगा भुजंग हजर. मिशीवाला, पैलवानी अंगाचा गडी, पण आवाज कोंबडीच्या पिलासारखा झालेला.

"बन्सीभाऊ, गोठा जळायचा शिन हाय व्हय?"

"तुमीच जाळला का?" बन्सीधरला आता सवय झाली होती.

"चोरून बिडी वडताना ठिनगी पडली. मी काकाचं नाव सांगितलं. दादांना कळलं तर चामडी सोलतील. कापा ते!"

दुपारी डबे आले. ऑपरेटर नागनाथ रीळ उजेडात धरून बघायला लागला.

"ह्यात जमिनीची भांडनं हायती."

"काप!"

"सुनंवर हाराच्या चोरीचा आळ हाय."

"काप, नागनाथ!"

"बंगला पेटायलाय."

"आरं काप म्हनतो ना!"

"बाबा, मंग ऱ्हायलं काय? सुरुवातीला लगीन, आन शेवटी समदे रडायलेत."

"लय झालं तेवढं," बन्सीधर म्हणाला. बिचाऱ्याला काय ठाऊक, की भाऊबंदकीच्या कुठल्याही सिनेमात जमीन, दागिना आणि आग ही तिन्ही असतातच!

संध्याकाळी तंबूत मुंगीला जागा नव्हती. पुढे तीन खुर्च्या माणिकरावांच्या घराला. नवरा, बायको आणि मुलगा दहा वर्षांत एका पंगतीला बसलेले नव्हते. खुर्च्याही त्यांनी तीन दिशांना तोंड करून मांडल्या. दिवे मालवले. पडद्यावर लग्न लागलं, भावाने भावाला मिठी मारली, आणि मिठी सुटते न सुटते तोच सगळ्यांचे केस पांढरे! जो तो दुसऱ्याच्या पायावर पडून हमसून हमसून रडायला लागला.

बायकांच्या बाजूने म्हातारी केशरबाई ओरडली, "आगं बाई! आत्ताच तर बरे हुते, कशापायी रडायलेत?"

"कापलंय! कापलेलं दाखवा!" गलका उठला. एक ढेकूळ बन्सीधरच्या कानाजवळून गेलं. त्याने भोंगा टोपीसारखा डोक्यावर घातला. तेवढ्यात पडद्यावरच्या म्हाताऱ्या आईने बोट रोखलं, थेट पुढच्या तीन खुर्च्यांवर, आणि गरजली, "देवाशपथ खरं सांगा! कोणी केलं हे?"

"मी केलं!" नर्मदाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "सुमंगलानं न्हाई, माळ मीच दडवली हुती पिठात!"

"आई, तू कामून आंगावर घेतीस?" भुजंग गडबडला. "तिनं गोठ्याचं इचारलंय! गोठा मी जाळला!"

माणिकराव दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग त्यांच्या तोंडून कण्हल्यासारखं निघालं, "माळ तू? गोठा तू? आन मी आनंताला चोर, आगलाव्या समजून त्याचा धुरा दाबून बसलो की रं!"

सिनेमा कधी संपला, कोणाला कळलं नाही. पडद्याकडे बघतच कोण होतं?

सकाळी तीन गडी घेऊन माणिकराव आले तेव्हा बन्सीधर गुंडाळलेल्या पडद्यात शिरून बसला होता. गड्यांनी पडदा उलगडला, तसा तो घरंगळत त्यांच्या पायाशी आला.

"मालक, मारू नका! आनंतरावांनी काईच लिवलं न्हाई. गर्दीसाठी थाप मारली मी!"

माणिकरावांनी गड्यांना लांब पाठवलं आणि रिकाम्या डब्यावर मटकन बसले. बन्सीधरला वाटलं, आता गंजी.

"आरं," ते हळूच म्हणाले, "आनंताला तर लिवताच येत न्हाई. आंगठा उठवायचा त्यो."

"हे तुमाला ठाऊक हुतं, मालक?"

"मला, बायकूला, भुजंगला, समद्यांला. पर भ्यालेल्या मानसाला सवताचं नाव आठवंना, भावाची शाळा कुठून आठवंल?" मग त्यांनी बन्सीधरची गचांडी धरली. "आता ऐक. सिनेमा आनंतानंच लिवलाय. थाप हुती असं घरात कळलं, तर जो तो म्हनंल मी खामखा कबूल झालो, आन भांडन पुन्ना पहिल्यापासून. मरस्तोवर हेच सांगायचं. समजलं?"

बन्सीधरने मान हलवली. ती आठ दिवस हलतच होती.

माणिकराव स्वतः मुंबईला जाऊन भावाला आणि सुमंगलाला घेऊन आले. धुऱ्याचे दगड जागेवर गेले. एसटीतून उतरलेल्या अनंतरावांच्या गळ्यात बन्सीधरने हार घातला, तेव्हा ते कावरेबावरे होऊन विचारत होते, "पर मी केलं काय?" त्यांच्या साधेपणाचं गावाने फार कौतुक केलं.

तेव्हापासून ताडकळसपासून चारठाण्यापर्यंत एकेका बड्या घरातून अनंतरावांना जेवायचं बोलावणं येतं. ताटात तूप मनगटापर्यंत. सासू सुनेला ताई म्हणते, भाऊ भावाला आधी वाढायला सांगतो. वाढता वाढता कोणी घाबरत विचारतं, "सध्या काय लिवायलाव, आनंतराव?"

अनंतराव घास गिळून खरं तेच सांगतात, "काई न्हाई बा. नुसता बघायलोय."

आणि त्या घरात त्या रात्री कोणाचा डोळ्याला डोळा लागत नाही.