कुंकवाची मशीन

आमच्या ऑफिसात नवीन माणूस आलं की त्याचं स्वागत एका शब्दात होतं. भानुदादा त्याला खुर्चीत बसवतात, स्वतः मागं हात बांधून उभे राहतात आणि म्हणतात, "पाड."

काय पाडायचं? तर समोरच्या मशीनवर चालू असलेलं सॉफ्टवेअर. असं पाडायचं की आपोआप उठता कामा नये. मग ते आपलं आपणच उभं करायचं. पुण्यात म्हणे नव्या माणसाला बॅग देतात, पाण्याची बाटली देतात, तिच्यावर त्याचं नाव असतं. आमच्याकडं घाम फुटतो. चौसाळ्याचा एक जण तर डबाही न उघडता गेला, तो परत आलाच नाही.

आम्ही माजलगावात खताच्या दुकानाच्या माडीवर बसतो. साखर कारखान्याचा वजनकाटा ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, ते आम्ही सांभाळतो. म्हणजे सांभाळतात दादा. मी कारखान्याचे फोन घेते आणि शिव्या खाते. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन आमच्या मशीनमध्ये येतं, पावती निघते, गाडी पुढं सरकते. मशीन थांबली की गाड्या थांबतात आणि माझा फोन वाजायला लागतो.

हे सगळं सॉफ्टवेअर दादांच्या डोक्यात. लिहिलेलं एक अक्षर नाही. "दादा, लिहून ठेवा हो," असं म्हणून म्हणून माझं तोंड दुखलं. "लिवायचं कावून? मी हाय की," हे ठरलेलं उत्तर. आता बघा, आमच्याकडं दोन मशीनी, शेजारी शेजारी, अगदी जुळ्या बहिणी. एकीवर खरं काम चालतं, दुसरी नव्या माणसानं पाडायची. ओळखायच्या कशा? तर दसऱ्याला पूजेत खऱ्या मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, दुसरीवर नाही. "कुंकवाची ती सवाशीण. तिला हात लावायचा न्हाई." झाली माहितीपुस्तिका!

यंदा हंगाम सुरू होताच मालकांचा फोन आला. "ताई, शीतल नावाची एक मुलगी पाठवतोय. तीही पळाली तर माजलगावचं ऑफिस बंद. काम पुण्याला नेतो." मी कुठंही चिकटेन हो, पण दादांचं काय? एकटा जीव. या दोन मशीनींशिवाय या माणसाला जगात आहे काय?

शीतल यायची होती त्या सकाळी मी दादांना जिन्यातच हात जोडले. "आज तेवढी पाडापाडी नको. पोरीशी गोड बोला."

"गोडच बोलतो की मी," म्हणाले आणि चहा सांगायला वळले.

शीतल आष्टीकडची. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ही शिकून इथं आलेली. पोरगी गुणाची. इतकी गुणाची, की आमच्या आधी येऊन, खालच्या दुकानातून किल्ली घेऊन तिनं सगळं ऑफिस झाडून पुसून लख्ख केलं होतं. मला इतकं कौतुक वाटलं! तेवढ्यात दादा आले आणि दारातूनच म्हणाले, "ती बिनकुंकवाची मशीन बघ. पाड." हे यांचं गोड बोलणं!

पोरगी क्षणभर गोंधळली. पण पहिल्याच दिवशी विचारायचं कसं? जवळच्या मशीनपाशी बसली, थोडा वेळ खुडबुडली आणि म्हणाली, "सर, पाडलं."

माझा फोन वाजला. कारखान्याच्या काट्यावरचा बाबू किंचाळत होता, "ताई, काटा बंद पडला! गाड्या पार रोडला लागल्यात. ऊसतोडीचे टोळीवाले माझ्या अंगावर यायलेत!"

मी मशीनकडं बघितलं. दोन्ही सारख्याच कोऱ्या. "शीतल, इथलं कुंकू गं?"

"पुसलं. लई कळकट दिसत हुतं. मंग दोनी बिनकुंकवाच्याच, म्हून जवळची घेतली."

"अगं बाई माझे!" मी कपाळावर हात मारला. दादांचा चेहरा पांढराफटक पडला. शीतलला काय झालं ते कळलं. "सर, तुमी बसा," ती उठायला लागली.

"बस खाली," दादा म्हणाले. "तूच उभं कर."

"दादा, अहो गाड्या उभ्या आहेत!" मी ओरडले. "काय डोकं फिरलंय का? हात लावा ना!"

"न्हाई लावणार. आज मी हात लावला तर ही पोरगी जल्मात पुन्ना मशीनला शिवणार न्हाई." मग तिच्याकडं वाकून, अगदी हळू, "मशीनमधलं शेवटचं काय पुसलंस? बरं. त्याची जुनी प्रत कुठं आसंल? बघ. घाई न्हाई."

घाई नाही म्हणे! फोनवर बाबू माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. दादा मागं हात बांधून उभे होते, आणि मला मागून दिसत होतं, एका हातानं दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं होतं. पाठ घामानं ओली झाली होती. शीतल एकदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली. नाक ओढत तिनं तिसऱ्यांदा करून बघितलं, आणि फोनवर बाबूचा आवाज एकदम बदलला. "निघाली, ताई. पावती निघाली!"

मला रडूच आलं. दादा भिंतीला टेकून खाली बसले.

शीतलनं मात्र पिशवी उचलली. "मला न्हाई जमणार, सर. ते कुंकू कशाचं ते तुमी सांगितलंच न्हाई. मी कुनाला इचारायचं? कायबी लिवलेलं न्हाई."

मी दादांकडं असं बघितलं, की आता बोलला नाहीत तर बघाच.

"एकाला दिलतं लिवून," म्हणाले. "समदं. पुण्याला गेला. त्याचा पुन्ना फोन आला न्हाई. हितून गेलेले बाकीचे अडलं की फोन करतेत. दादा, हे कसं, ते कसं. करता करता जेवलाव का म्हून बी इचारतेत. लिवून ठिवलं तर मला कोन इचारंल, पोरी?"

इतकी वर्षं मी या माणसाला आळशी म्हणत होते.

शीतल दारात उभी होती. परत आली, पिशवी ठेवली, खुर्चीत बसली आणि स्क्रीनवर कोरं पान उघडलं. "सांगा, दादा. मी लिवते."

दादा उठून तिच्या मागं उभे राहिले. "लिव. अडलं तर भानुदासला फोन करायचा."

तिनं लिहिलं. मग मान न वळवता विचारलं, "आन् न्हाई अडलं तर?"

दादांनी तोंड फिरवलं.

"तरीबी."