सातवी पायरी

भिगवणच्या धक्क्यावर मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन तेरा पायऱ्या चढाव्या लागत. खालून सातवीचा दगड डुगडुगायचा. त्र्याण्णव साली तिथंच सोनबाचा खुबा मोडला. तेव्हापासून पाटी त्याच्या बायकोच्या, कौसल्येच्या डोक्यावर आली आणि सोनबा काठी घेऊन सगळ्यात वर बसू लागला. सकाळी सातवीवर चुलीतली राख टाकायला लावायचा आणि मग ओरडत राहायचा, "सातवी आली! उजवा पाय कडेला!"

एका मंगळवारी हे ऐकून संभाजीनं वर पाहिलं आणि तिथंच घसरला. त्याच्या पाटीतले कटला मासे मागच्या लीलाबाईच्या पायांत आले, लीलाबाई मासळीवर बसली आणि तिला धरायला धावलेला ठेकेदार भानुदास पांढऱ्या लेंग्यासकट राखेत लोळला.

भानुदास राख झटकत उठला. "सोनबाआबा, दगूड न्हाय, तुमचं वरडणं पाडतंय लोकांना! उद्या तोंड उघडलं तर कौसल्यामावशीचं काम बंद."

"दगूड बदला म्हणून दोन वर्सं सांगतोय..."

"बघू म्हणलं न्हवं?"

बुधवारी सोनबानं उपरण्याचं टोक दातांत धरलं. संभाजी चढून गेला, लीलाबाई गेली. कुणी पडलं नाही. "बघा आबा!" भानुदास हसला. सोनबानं मान खाली घातली.

कौसल्या मात्र पाचव्याच पायरीवर थांबली. मागं रांग तुंबली.

"अगं, हो की पुढं!"

"ह्यांचा आवाज न्हाय आला." डोक्यावर पाटी असताना तिला पाय दिसत नसत, आणि पायऱ्या तिनं कधी मोजल्याच नव्हत्या.

"मावशी, सातवी अजून लांब हाय!" भानुदास म्हणाला.

"काल तुमीच पडला न्हवं तितं?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. भानुदास वरमला. "बरं, वरडा आबा."

सोनबानं दातांतलं उपरणं सोडलं आणि काठी बाजूला ठेवली. तो बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली सरकला, मोडका पाय फरपटत. सातवीच्या दगडावर त्यानं दोन्ही हात दाबून धरले.

"हितं ठेव."

सहावी चढून त्याच्या हातांशेजारी तिनं पाय ठेवला. दगड हलला नाही.

गुरुवारी गवंडी आला. नवा दगड पक्का बसला. त्यानंतर तिथं कुणी पडलं नाही, तरी सोनबा रोज ओरडतच राहिला. पुढं एका पौषात सोनबा गेला. सुतकाचे दिवस सरल्यावर कौसल्या पुन्हा पाटी घेऊन आली आणि मधेच थांबली.

भानुदासनं इकडंतिकडं पाहिलं, घसा खाकरला आणि ओरडला, "सातवी आली, मावशी!"

ती तशीच उभी.

"आन् उजवा पाय?"