आवाज चढना? वांगं सोल!

नानांकडे भरिताला जायचं तर बोटं घरी ठेवून जावं. वाद घालताना ज्याचा आवाज चढेल, त्याच्या पुढ्यात नाना कपाशीच्या काट्यांच्या विस्तवातून नुकतंच काढलेलं वांगं ठेवत आणि म्हणत, "आवाज चढना? वांगं सोल!" मग तो वकील असो की नगरसेवक. गरम वांगं सोलताना फुंकर मारावीच लागते आणि फुंकर मारणाऱ्या तोंडातून शिवी निघत नाही, हा नानांचा सिद्धांत.

नाना माझे मेहरूणचे घरमालक. मी बँकेच्या बदलीवर जळगावला आलो, तेव्हा मेहरूण भागातली त्यांची माडी भाड्याने घेतली. मूळचे ते एरंडोलकडचे, बोलीही तिकडचीच. सारा जन्म एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेलेला. मेहरूणला ते "दूध तापलं का?" म्हणाले, तर दोन कोसांवरच्या असोद्याचं दूध उतू जावं असा आवाज. म्हणजे सगळ्यात जास्त वांगी त्यांनीच सोलायला हवी होती. पण नियम करणाऱ्याला नियम लावणार कोण?

लावणारे एकच, असोद्याचे भीमराव गुरुजी. भरिताची वांगी तेच घेऊन येत. बोलणं हळू, पुस्तकी, पण माघार म्हणून नाही. नानांचा आवाज चढला की गुरुजी मुकाट्याने एक वांगं त्यांच्याकडे सरकवत. नाना तेवढ्याच मुकाट्याने सोलत.

एका वर्षी राखीव जागांवरून सगळीकडे पेटलं होतं. आमच्या बँकेत डबा एकत्र खाणारे वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसू लागले. नानांचा मुलगा अर्ज करकरून थकला होता. गुरुजी लहानपणी शाळेत दुसऱ्याच्या हातून वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायले होते. दोघांचंही दुखणं खरं. दोघं वांगी संपेपर्यंत भांडले. शेवटी नाना म्हणाले, "गुरुजी, तुमनं समजनं, पटनं नही. आते भरीत वाढू?"

'तुमचं समजलं, पटलं नाही' हे वाक्य मी नानांकडून उचललं. आज माझा मुलगा आणि मी वेगवेगळ्या पक्षांना मत देतो, तरी एका ताटात जेवतो. हे नानांचे उपकार आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत.

त्या भांडणानंतरच्या पावसाळ्यात गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगा त्यांना धुळ्याला घेऊन गेला. हिवाळ्यात नानांनी भरीत केलं. माणसं जमली, नाना बोलले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पुन्हा बोलले, पुन्हा माना डोलल्या. सगळेच हो म्हणतात म्हणून नाना एकदम खेकसले, "बठ्ठा हो म्हनतस! मंग वांगं कोन सोली?" त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. भांडायला माणूस नाही म्हणून कासावीस झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी असोद्याच्या वांग्यांची पिशवी आणि मला घेऊन नाना धुळ्याच्या गाडीत बसले. वाटेत कंडक्टरने "पारोळा" नीट पुकारलं नाही, म्हणून स्वतःच पुकारलं.

गुरुजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. नानांना पाहून त्यांचे डोळे भरले. सुनेने वांगी गॅसवर भाजून ताटात आणून ठेवली. गॅसवरच्या वांग्याला एरवी नावं ठेवणाऱ्या नानांनी ताट गुरुजींच्या हाताशी सरकवलं. मग खाटेजवळ स्टूल ओढून म्हणाले, "गुरुजी, आज तुमनी बाजू बी मीच मांडस. चुकनं तर हात वर करा."

आणि नाना चक्क गुरुजींच्या भाषेत, गुरुजींच्या चालीत बोलू लागले. "नाना, तुमच्या मुलाला नोकरी नाही, याचं मला वाईट वाटतं. पण मला शाळेतल्या माठाला हात लावू दिला नाही. मी पहिली पायरी चढायच्या आत तुम्ही माडीवर होता." एकेक मुद्दा, एकही न गाळता. मला वाटायचं, गुरुजी बोलत असताना नाना फक्त आपली पाळी यायची वाट बघतात. पण त्यांनी शब्द न् शब्द ऐकून ठेवला होता.

मध्येच गुरुजींचा डावा हात वर झाला.

"हां, हां. माठ नही, रांजन. चुकनं मनं."

गुरुजींनी मान हलवली. गुरुजींची बाजू पुरी मांडून नाना "आते मनं आयका!" म्हणत स्वतःच्या बाजूवर आले. हळूहळू आवाज चढला. स्टँडवरचा जुना आवाज. शेजारीण दारातून डोकावली.

गुरुजींचा डावा हात ताटाकडे गेला. एक वांगं त्यांनी बोटांनी ढकलत ढकलत नानांपुढे सरकवलं.

नाना वाक्याच्या मध्येच थांबले. वांगं उचललं, खाली मान घातली आणि फुंकर मारत मारत सोलू लागले. वांगं केव्हाच गार झालं होतं.