पेन्सिलीची सही

गेल्या महिन्याचा दुसरा मंगळवार, सकाळी अकरा. तालुक्याची रेशन समिती. हजर: अध्यक्ष, चार सदस्य, इतिवृत्त लिहायला मी. आणि गुलाबराव डंभारे, उभे.

'उभे' हा शब्द मी दोन वर्षं इतिवृत्तात लिहीत आले. टेबलावर गुलाबरावांच्या नावाची पाटी, पाटीमागे खुर्ची, आणि खुर्चीमागे ते स्वतः. आधीच्या पालकमंत्र्यांनी त्यांना सिंदी (रेल्वे) भागातल्या गावांसाठी सदस्य म्हणून नेमलं होतं. शासनाचा मंजुरीचा आदेश मात्र आलाच नाही.

"बसा ना, गुलाबरावजी."

"आदेश येऊ द्या, मॅडम."

चहा पुढे केला तरी तेच, "आदेश येऊ द्या." हजेरीपटावर सही पेन्सिलीने. "आदेश आला का शाईनं गिरवतो." ती पेन्सिल त्यांच्या कानामागेच असायची. सिंदीच्या एका जिनिंगमध्ये चाळीस वर्षं त्यांनी कापूस मोजला. भरलेली गाडी तोलली की आकडा पेन्सिलीने, रिकामी करून पुन्हा तोलली की मग शाईने. ती सवय सुटली नव्हती.

धान्यवाटपाच्या दिवसांत मात्र ते गावात रेशन दुकानासमोर, बायांच्या रांगेत. जन्मभर निंदण-वेचणी करून अंगठ्याच्या रेषा पुसल्या की मशीन अंगठा घेत नाही. अशा अकरा जणींची यादी गुलाबरावांनी केली होती. नियम असा, की त्या-त्या भागाच्या सदस्याने सहीनिशी यादी मांडली आणि समितीने मंजूर केली, की अंगठ्याशिवाय धान्य मिळतं. मी कितीदा सांगितलं, शासनाची मंजुरी नसली तरी काढून टाकेपर्यंत तुमची सही चालते.

"अन् उद्या मले काढलं त? सही कच्ची पडन. बायांले रांगेतून वापस धाडता का?"

यादी त्यांच्या पिशवीतच राहिली.

मग पालकमंत्री बदलले. नव्यांनी मंजुरी न मिळालेली सगळी नावं रद्द केली. तो अधिकार त्यांना आहे, तक्रारीला जागा नाही. त्या मंगळवारी पत्र माझ्या फाइलमध्ये होतं. बैठक सुरू होता होता मी ते गुलाबरावांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्यानेच दोनदा वाचलं.

"हे कवापासून लागू होते?"

"तुम्ही पोच दिली की. त्याआधीच्या सह्या कायम, तसं पत्रातच आहे."

"म्हंजे अजून मी सदस्य हावो?"

"आहात."

गुलाबरावांनी खुर्ची ओढली आणि बसले. सगळ्यांच्या माना वळल्या.

"काय गुलाबराव, आला वाटते आदेश!" एका सदस्याने टोमणा मारला.

"आला ना बाप्पा," ते म्हणाले. "पेन द्या, मॅडम."

पिशवीतून यादी निघाली. खाली शाईने सही झाली. दोन मिनिटांत अकराही नावं मंजूर. मग गुलाबराव उठले, खुर्ची होती तिथे सरकवली आणि पोचेवरही शाईनेच सही केली. "हे त पक्कंच हाय."

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. म्हटलं, "आता तुमचं रांगेत उभं राहणं तरी सुटलं."

"कुठं सुटते! माहा अंगठाई घेत नाई ते मशीन. कापसाच्या बोऱ्याचे दोर ओढू ओढू घासून गेला."

"मग यादीत तुमचं नाव काऊन नाही?" माझ्याही तोंडून घरचाच शब्द निघाला.

"सदस्य होतो ना, मॅडम. आपलंच नाव आपण कसं मांडाव?"

दोन वर्षं मला वाटत होतं, ते रांगेत तपासणीसाठी उभे राहतात. माझ्याकडे हजेरीची यादी असते, पत्रांची असते, खुर्च्यांचीसुद्धा असते.

अकरा जणींना या महिन्यात धान्य मिळालं. बारावं नाव मी नव्या कागदावर लिहून ठेवलं आहे. त्याखाली 'मांडणारा सदस्य, सिंदी विभाग' ही ओळ रिकामी आहे; नव्या पालकमंत्र्यांनी अजून कुणाला नेमलेलं नाही. तोवर नाव पेन्सिलीने.