क्यूचे बत्तीस शब्द

परीक्षेला आठ दिवस उरले असताना भाऊसाहेबांनी शब्दकोशातलं एक बारीकसं प्रकरण निवडलं आणि घरभर चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली.

कार्यालयात त्यांना सगळे भाऊसाहेबच म्हणत. बावीस वर्षं ते रेकॉर्ड खोलीत जुन्या फायली सांभाळत होते. हेडक्लार्कच्या परीक्षेत दोनदा आपटले होते, दोन्ही वेळा इंग्रजी शब्दार्थांच्या पेपरात. आता ही शेवटची संधी. पुढच्या महिन्यात पन्नाशी गाठली की परीक्षेला बसायची सोय नव्हती, म्हणजे निवृत्तीपर्यंत धूळ आणि झुरळं.

पेपर काढणाऱ्या साहेबांना एक खोड होती. दरवर्षी ते एकच अक्षर धरून त्याचे पंचवीस लांबलचक शब्द विचारत. मागचे सगळे पेपर भाऊसाहेबांच्याच कपाटात. तीन रात्री ते चाळून त्यांनी निकाल दिला, "यंदा क्यू! अजून एकदाही आलेला नाही. लिहून ठेव."

"क्यूचे शब्द असतात तरी किती?" बायकोने विचारलं. तीही त्याच कार्यालयात, आवक-जावक टेबलावर. कार्यालयातल्या साहेबांनी आग्रह केला म्हणून तिनेही परीक्षेचा अर्ज भरला होता.

"कामाचे बत्तीस. पण तुझा अभ्यास कधी होणार गं?"

"होईल येता-जाता," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. भाऊसाहेबांना तिची कीव आली.

त्यांची पद्धत पक्की होती. प्रत्येक शब्दाची चिठ्ठी अर्थाला साजेशा जागी लावायची. वर शब्द, मागे अर्थ. आठवला नाही तरच चिठ्ठी उचलायची. इंग्रजीत दहा किंवा जास्त अक्षरांचा शब्द असेल तर लाल शाईत, मोठ्ठा. त्याप्रमाणे टेबलावर 'क्वाड्रिलॅटरल' आला, म्हणजे चौकोन. आरशावर 'क्विझिकल', म्हणजे गोंधळलेला चेहरा. मांजराच्या गळ्यात 'क्वाड्रुपेड', म्हणजे चतुष्पाद. ते दोन दिवस पलंगाखालून बाहेर आलं नाही. वडिलांच्या आरामखुर्चीवर 'क्वेर्युलस' लागला.

"काय रे हे?" आबांनी चष्मा शोधत विचारलं.

"काही नाही आबा, इंग्रजी आहे."

आबांनी चिठ्ठी उचलून मागे वाचलं, 'सदा कुरकुर करणारा', आणि त्या दिवसापासून जे कुरकुरायला लागले ते थांबेचनात.

सोपे शब्दही सोडायचे नाहीत, हा भाऊसाहेबांचा हट्ट. 'क्वारंटाईन' कोणाला माहीत नाही? पण दहा अक्षरं भरली, म्हणून लाल शाई. अर्थ 'रोगाच्या भीतीने वेगळं ठेवणं', म्हणून जागा घराचं दार. परीक्षेच्या सकाळी त्यांनी ती शेवटची चिठ्ठी दाराला बाहेरून लावली. बायको नुकतीच बसला गर्दी व्हायच्या आत निघून गेली होती. ते आत येऊन डोक्याला मफलर गुंडाळून शेवटची उजळणी करू लागले.

अर्ध्या तासाने दार वाजलं. बाहेर आरोग्य निरीक्षक बाई, हातात थर्मामीटर आणि पिवळी फीत. त्यांच्या मागे, चांगली दहा पावलं लांब, समोरच्या घरातले निवृत्त कंपाउंडर. नाकावर पंचा.

"मीच कळवलं," कंपाउंडर लांबूनच म्हणाले. "आठ दिवस झाले बाई, रोज पहाटे यांच्या घशातून आवाज येतोय. क्वा, क्वी, क्वे... आज तर पाटीच लावली."

"अहो काका, ती चिठ्ठी आहे! परीक्षेची!"

"कसली परीक्षा?" बाईंनी विचारलं.

"शब्दार्थांची. घ्या, विचारा! क्विंटेसेन्शिअल, अस्सल नमुना. क्विक्सिल्व्हर, पारा. क्वारलसम, भांडकुदळ..." हे म्हणताना त्यांचं बोट आपोआप कंपाउंडरकडे गेलं.

"ऐकलंत? बरळतायत," कंपाउंडर म्हणाले.

बाईंनी थर्मामीटर तोंडात कोंबला. पहाटेपासून घोकंपट्टी करून वर मफलर गुंडाळल्यावर माणसाचं अंग गरम होणारच. पारा शंभरावर. तेवढ्यात आबा खोकले. वास्तविक ते रोजच खोकत.

"दोन रुग्ण," बाईंनी वहीत लिहिलं आणि दाराला फीत लावली. "डॉक्टर चारला येतील. तोवर घराबाहेर कोणी पाऊल टाकायचं नाही."

"चारला? माझा पेपर अकराला आहे हो! शेवटची संधी आहे माझी!"

"तिथे किती माणसं बसणार आहेत?"

"साठ."

"मग तर मुळीच नाही."

भाऊसाहेबांनी चिठ्ठी फाडून दाखवली, मागचा अर्थ वाचून दाखवला, हात जोडले. बाई ढिम्म. मग ते मागच्या खिडकीकडे धावले. एक पाय बाहेर टाकला, तर खाली कंपाउंडर स्टूल टाकून बसलेले, तोंडात शिट्टी. पाय आत आला. घड्याळात सव्वादहा वाजले होते.

बाई जाता जाता थांबल्या. "घरात आणखी कोण असतं? तुमच्या मिसेस?"

भाऊसाहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला. खरं सांगितलं की बाई थेट परीक्षेच्या खोलीत जाणार आणि भरल्या पेपरातून तिला उठवून आणणार. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांच्या मनात आलं की आपल्याला नाही तर मग कोणालाच नको. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"माहेरी आहे," ते म्हणाले. "पंधरा दिवस झाले."

"सकाळीच तर पाहिल्या मी!" कंपाउंडर ओरडले.

"काका, डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या आता."

चार वाजता डॉक्टर आले, थर्मामीटर लावला, पारा अठ्ठ्याण्णव. त्यांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी कंपाउंडरकडे, कंपाउंडरनी आकाशाकडे. फीत निघाली. पाचला बायको घरी आली आणि तिने प्रश्नपत्रिका नवऱ्यापुढे ठेवली. पंचवीसच्या पंचवीस शब्द क्यूचे. भाऊसाहेबांनी उभ्या उभ्या सगळे अर्थ सांगितले, एकही चुकला नाही, आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धुतलं.

निकाल महिन्याने लागला. बायको पहिली. शब्दार्थांत पैकीच्या पैकी. आठ दिवस झाडताना, पुसताना प्रत्येक चिठ्ठी तीच उचलत होती.

भाऊसाहेबांना आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच. सोमवारी ते फायलींचा गठ्ठा घेऊन नव्या हेडक्लार्कच्या टेबलापुढे उभे राहिले. सगळं कार्यालय माना खाली घालून कान टवकारून बसलेलं.

तिने सही केली आणि हळूच म्हणाली, "अहो, आपले साहेब सांगत होते, पुढच्या वर्षी अधीक्षकाची परीक्षा आहे. मला पन्नाशीला अजून सहा वर्षं अवकाश आहे. पेपर तेच क्यूवाले साहेब काढणार आहेत. पण मला नाही जमायचं बाई एकटीला."

भाऊसाहेबांनी गठ्ठा खाली ठेवला. पाठ ताठ झाली. त्यांनी न विचारताच समोरची खुर्ची ओढली, तिच्याच टेबलावरचा लाल पेन उचलला आणि म्हणाले, "उद्यापासून पहाटे चारला उठायचं. सबब चालणार नाही."

"बरं," हेडक्लार्क बाई म्हणाल्या.